मंचावरची भुजली

बाई गेली त्या वर्षीची भुजली मायने एकटीने पेरली. बाई म्हणजे माझी थोरली बहीण. एरवी टोपलीत माती भरण्यापासून सगळं तीच करी. नागपंचमीला गहू पेरायचे, टोपली अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवायची आणि राखीच्या दुसऱ्या दिवशी ते फिकट पिवळे कोंब तळ्यात शिरवायचे, म्हणजे पाण्यात सोडायचे. त्यातले धुतलेले थोडे घरी आणून एकमेकांच्या कानामागे खोवायचे. आमच्या वस्तीत ज्या घरी वर्षात मयत झालेली असते, त्या घराचा दुखवटा या भुजलीने सुटतो. तोवर चुलीवर कढई चढत नाही. पुरी नाही, वडा नाही. मायला भुजली शिरवायची होती ती बाईच्या पायरीवर, बाई शिरवी तिथेच. दुसरीकडे नाही.

ती पायरी भरवेलीच्या बाजूच्या तळ्यावर. मँगनीजच्या खाणीवरच्या गोऱ्या साहेबांनी सुटीसाठी तिथे बंगला बांधला होता. लाकडी व्हरांडा, दोन नावा, पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्या. साहेब गेले, राज्यं बदलली, आमचा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला आणि बंगल्याचं विश्रामगृह झालं. रविवारी कोणीही डबा घेऊन जावं. बाई तिथेच नाव वल्हवायला शिकली. मी पायरीवर वाचत बसे आणि ती वल्ह्याने माझ्या पुस्तकावर पाणी उडवी. भुजलीच्या दिवशी तर साहेबांच्या काळातही फाटक उघडं असे, असं माय सांगे.

पुढे बंगला एका विद्यापीठाला मिळाला आणि त्याचं परिषद केंद्र झालं. मला तेव्हा आनंदच झाला. वाटलं, आता आपल्या गावाजवळ विद्वान येतील, आपण मागच्या खुर्चीवर बसून ऐकू. पण व्हरांडा काचेने बंद झाला, नावा पालथ्या पडल्या आणि तळ्याच्या या काठाला तारेचं कुंपण आलं. ऐकायला आम्हाला कोणी बोलावलं नाही.

त्या भुजलीला मी आणि माय टोपली घेऊन पोचलो तेव्हा केंद्रात सभा चालू होती. फाटकावरचा चौकीदार किरनापूरकडचा, मायच्या माहेरच्या ओळखीतला.

"मावशी, आज नाही जमत. बड़े लोग आले आहेत."

"मी काय त्यांच्या मांडीवर बसून राह्यली का रे? पायरीवर जातो, शिरवतो, येतो."

"चहाची सुट्टी होऊ दे, मी सोडतो तुले. टोपली दे इकडे, पाणी येऊन राह्यलं."

भुरभुर सुरू झाली होती. त्याने टोपली आत नेऊन व्हरांड्यात ठेवली. आम्ही फाटकाबाहेर मोहाच्या झाडाखाली बसलो. वस्तीतल्या बाया तळ्याच्या पलीकडच्या चिखलातून गाणी म्हणत उतरताना दिसत होत्या. मी म्हटलं, "माय, टोपली परत घेऊ, तिकडे जाऊ." माय म्हणाली, "तिकडे बाई कधी गेलती का?"

चहाची सुट्टी झाली. चौकीदार आत गेला तो रिकाम्या हाताने परतला. चेहरा उतरलेला. केंद्राच्या व्यवस्थापकांना व्हरांड्यात टोपली दिसली होती. मंचाच्या सजावटीसाठी कोणीतरी कोंबांची टोपली पाठवली, असं त्यांना वाटलं. आता ती टोपली झेंडूची माळ घालून माइकच्या शेजारी ठेवलेली होती.

मी आत गेलो तोवर सुट्टी संपली होती. मी शाळेत मास्तर आहे, असं सांगितलं. व्यवस्थापक सभ्य होते, हेच कठीण झालं. माझं सगळं ऐकून घेतलं, दुःख व्यक्त केलं आणि म्हणाले, "मास्टरजी, अध्यक्षजी का भाषण शुरू हो गया है. बीच में मंच पर कैसे जाएँ? कल सुबह कर लीजिए न."

भुजलीचा दिवस एकच, उद्या चालत नाही, हे मी हिंदीतून समजावलं. मग इंग्रजीतून, जरा जोरात. मी इतकी वर्षं वाचलेली पुस्तकं त्या दारात कवडीच्या कामाची ठरली नाहीत. काचेतून टोपली दिसत होती. वक्ते टेबलावर हात आपटत होते आणि कोंब हलत होते.

टोपली हातात आली तेव्हा तळ्यावर दिवे लागले होते. दिवेलागणीनंतर भुजली शिरवत नाहीत. चौकीदाराने फाटक सताड उघडलं. म्हणाला, "जा मावशी, आता कोणी नाही अडवत."

"आता कशाले?" माय म्हणाली. तिने झेंडूची माळ काढून त्याच्या हातात दिली.

घरी बाया आमची वाट पाहत होत्या. शेजारच्या काकूने आपल्या टोपलीतले कोंब माझ्या कानामागे खोवले. ती मायकडे वळली तशी मायने पदर ओढून दोन्ही कान झाकून घेतले.

"अवो, माझे घ्या ना. भुजली ते भुजली."

"तुमच्या घरची तुमच्या घरी," माय म्हणाली.

त्या दिवाळीला आमच्याकडे काही तळलं गेलं नाही. कढई भिंतीला पालथी टेकलेली राहिली, पुढच्या भुजलीपर्यंत.