कप्तानाच्या नावाखाली

"निःसंतान," पाद्रीबाबा म्हणाले आणि चष्मा काढून पुसू लागले.

मी टाक खाली ठेवला. "पुन्हा वाचा."

"पुन्हा वाचलं तरी तेच निघणार. कप्तान एत्येन द ब्रेव्हान. हिंदुस्थानात वारले. निःसंतान. त्याच्यापुढं कागद कोरा आहे."

जालन्याच्या छावणीतल्या गिरजाघराच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो. समोर सतरंजीवर पाच हात लांबीची फ्रेंच वंशावळ पसरली होती. चारी कोपऱ्यांवर पाद्रीबाबांची जाडजूड पुस्तकं ठेवली होती, नाहीतर ती पुन्हा गुंडाळी व्हायची. ही वंशावळ मी स्वतःच्या हातानं नंबर टाकून मिसलीत, म्हणजे सरकारी फाइलीत, दाखल केली होती. एकदा दाखल झालेला कागद निकाल लागेपर्यंत मागे घेता येत नाही. ज्या माणसाची जमीन वाचावी म्हणून तो दाखल केला, त्याचीच जमीन तो कागद घालवणार होता.

आता हे काम काय असतं ते सांगतो. निजामाच्या राज्यात मी तहसील कचेरीत अहलकार होतो. अहलकार म्हणजे कारकून. माझ्याकडे विरासतीच्या, म्हणजे वारसाहक्काच्या मिसली असत. एखाद्याच्या पूर्वजाला सरकारनं इनाम जमीन दिलेली असते. धारक वारला की त्याचा मुलगा अर्ज करतो. मग आम्ही शजरा, म्हणजे वंशावळीचा नकाशा काढायचा. मूळ इनामदारापासून अर्जदारापर्यंत एकेक कडी जोडायची. प्रत्येक कडीला एक कागद पाहिजे, नाहीतर दोन भरवशाचे साक्षीदार. एक कडी जरी सुटली तरी जमीन सरकारजमा. काम सोपं होतं, पण लोकांची झोप उडवणारं होतं.

बदनापूरच्या अलीकडं एक आमराई होती. तिचे मालक योसेफसाहेब वारले आणि त्यांचा मुलगा अंतोन यानं अर्ज केला. गावात त्याला अंतुसाहेब म्हणत. वय पन्नासच्या पुढं, रंग आपल्यासारखाच, डोळे तेवढे निळसर. डोक्यावर हॅट, अंगात बंडी, खाली धोतर. त्याचा पणजा एत्येन हा फ्रेंच माणूस निजामाच्या फौजेत कप्तान होता. आमराई त्याला इनाम मिळालेली. एत्येनचा मुलगा पियेर, पियेरचा योसेफ, योसेफचा अंतोन.

खालच्या दोन कड्यांची अडचण नव्हती. म्हातारे साक्षीदार होते. अडचण एकच होती. पियेर हा कप्तानाचाच मुलगा, हे सांगणारं जिवंत कुणी उरलं नव्हतं. जुनं दप्तर वाळवीनं खाल्लेलं. गिरजाघराचं रजिस्टर त्यानंतरचं.

तेव्हा अंतुसाहेब पत्र्याची एक लांब नळी घेऊन कचेरीत आला होता.

"मुकुंदराव, ह्याच्यात आमचं समदं खानदान हाये. बापानं फ्रान्सला चिठ्ठी लिव्हली व्हती, तिकडल्या भाऊबंदायला. त्यायनी हे धाडलं. आम्हाला वाचता येत न्हाई. पण नाताळाला आम्ही काढतो, हार घालतो."

वर लाल मेणाची मोहोर पाहिली आणि मी हुरळून गेलो. तहसीलदारसाहेबांनी भाषांतराचा हुकूम दिला होता, पण भाषांतर होईपर्यंत थांबायचं मला सुचलं नाही. कागद दाखल केला, पावती दिली आणि दर गुरुवारी पाद्रीबाबांकडे जाऊ लागलो.

आणि खरं सांगायचं तर मी गिलबेरच्या प्रेमात पडलो. गिलबेर द ब्रेव्हान हा या घराण्याचा मूळ पुरुष. पाचशे वर्षांपूर्वीचा सरदार. धाकटा मुलगा म्हणून वाट्याला जमीन नाही. घोडा घेऊन दुसऱ्याच्या चाकरीला गेला, लढाईत पकडला गेला. आईनं घरची पाणचक्की विकून त्याला सोडवलं. पुढं नदीकाठी त्यानं गढी बांधली आणि शेजारच्या मठातल्या साधूंशी नदीतल्या मासळीवरून अकरा वर्षं भांडला. दोन बायका, आठ लेकरं. मला वाटायचं, हा माणूस आपल्या तालुक्यातलाच आहे. आमच्याकडे बांधावरून चालतं ते त्याच्याकडे मासळीवरून.

तीन गुरुवार मी गिलबेर, त्याची मुलं, नातवंडं, पणतवंडं यांच्यात घालवले. मोठ्या कागदावर दोन रंगांच्या शाईनं शजरा काढला. अकरा पिढ्या झाल्या. चौथ्या गुरुवारी आम्ही तळाच्या, बाराव्या ओळीला आलो आणि पाद्रीबाबांनी तो शब्द उच्चारला.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फ्रान्सच्या भाऊबंदांनी योसेफसाहेबाच्या चिठ्ठीला जवाबच दिला होता. आमच्या कप्तानाला मूलबाळ नव्हतं, तुम्ही आमचे कुणी नाही, एवढं सांगायला त्यांनी पाच हात कागद खर्च केला होता. आणि इकडं घरचे लोक त्याला हार घालत होते.

तहसीलदारसाहेब हैदराबादकडचे. बोलणं गोड, पण नियमाला पक्के. माझा शजरा त्यांनी दोन्ही हातांनी धरून पाहिला.

"बहुत खूब, मुन्शी. बारह पुश्तें. और जो एक कड़ी चाहिए थी?"

मी कप्तानाच्या नावाखालच्या कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"ऊपर से कायकू शुरू किए? दावेदार तो नीचे है."

"चूक झाली साहेब."

"काग़ज़ मिसल में है, मैं उसके आगे अंधा नहीं बन सकता. अगली पेशी तक कुछ लाओ. नहीं तो बाग़ सरकार में जमा."

पेशी म्हणजे सुनावणी. तिला तीन आठवडे होते.

मी जागेच्या पंचनाम्याच्या निमित्तानं आमराईत गेलो. अंतुसाहेबाला त्या शब्दाचं सांगायचं असं ठरवून गेलो होतो. पण त्यानं मला झाडं दाखवली. ही पणज्यानं लावलेली, ही आज्यानं, ही बापानं. कडेला चार थडगी, त्यांवर चुना ताजा. माझी जीभ काही उचलली नाही. मला स्वतःची लाज वाटत होती.

त्याची बायको रोझाबाई हिनं जेवायला बसवलं. भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. वाढता वाढता ती नवऱ्याला म्हणाली, "पटका आणला का? भाट टेंभुर्णीत येऊन राह्यलाय म्हणं. चार दिवसांत इथं येईन. मागच्या खेपेला जुना दिला तर किती तोंड वाकडं केल्तं त्यानं."

माझा घास हातातच राहिला. "कुणाचा भाट?"

"आमचा," अंतुसाहेब म्हणाला. "दर तीन सालांनी येतो. वही वाचतो, नवी नावं लिवतो, दोन दिवस खातो अन् जातो."

"तुमच्याकडं भाट येतो? तुम्ही तर फिरंगी!"

"म्हणजे काय, समद्यायकडंच येतो की. पणजी धावड्याच्या पाटलाची लेक व्हती. तिच्या माहेरच्या भाटाला पणज्यानं घोडा दिला अन् सांगितलं, आमचंबी लिव्ह. तव्हापासून येऊन राह्यला."

"अहो, मग हे आधी नाही का सांगायचं?"

"ते भाटाचं असतंय, मुकुंदराव. आमच्या घरचं. ते काय सरकारी कागद हाये थोडंच? म्हणून तर मोहरेचा कागद आणला."

मोहोर बघून मीही तोच गाढवपणा केला होता. आमच्याकडं घरोघर भाट येतो, त्याची वंशावळीची वही घरोघर वाचली जाते. ती इतकी रोजची गोष्ट की कुणाला ती पुरावा वाटतच नाही.

मोहरेच्या कागदात एक कडी जुळत नाही, एवढंच अंतुसाहेबाला सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं बैलगाडीनं टेंभुर्णीला निघालो. भाटाचं नाव भवानसिंग. पांढऱ्या मिशा, कानात बाळ्या. एका वाड्याच्या ओट्यावर लाल कापडात गुंडाळलेली वही मांडीवर घेऊन बसला होता. मी म्हणालो, पेशीच्या दिवशी वही घेऊन कचेरीत या.

"वही कचेरीची पायरी चढत न्हाई."

"सरकारी काम आहे, भाटबुवा."

"असंन. आमची वही यजमानाच्या दारातच उघडते. यजमान समोर बसला पायजे, मूळ पुरुषाचं नाव त्याच्या तोंडून निघालं पायजे. तव्हा आम्ही वाचतो. माझ्या बापानं मोडलं न्हाई, मी न्हाई मोडणार."

"अहो, या माणसाची जमीन जाईल!"

त्यानं अंतुसाहेबाकडं पाहिलं. त्याला वाईट वाटलं हे दिसत होतं. पण वहीवरचा हात त्यानं काढला नाही. "मंग कचेरीलाच म्हणा, दारात ये."

परत आल्यावर मी हे घाबरत घाबरत साहेबांना सांगितलं. मला वाटलं, आता बरसतील. त्यांनी दाढी कुरवाळली.

"हमारे यहाँ भी शजरा हर किसी के सामने नहीं खोलते," ते म्हणाले. "ठीक है. दौरे का डेरा आमराई में लगाओ. पेशी वहीं होगी."

पेशीच्या दिवशी आमराईत तंबू लागला. साहेब खुर्चीत, मी खाली मिसल घेऊन, पाद्रीबाबा स्टुलावर. अर्धं गाव झाडांखाली बसलं होतं. भवानसिंगानं हात धुतले, नव्या कापडावर वही ठेवली. अंतुसाहेब हॅट काढून समोर बसला.

"मूळ पुरुष बोला."

"गिलबेर," अंतुसाहेब म्हणाला.

मी चमकून वर पाहिलं. भाटानं पान उलटलं आणि लयीत वाचायला लागला.

"फिरंगाणातला गिलबेर. धाकला लेक, वाट्याला जमीन न्हाई. घोडा घेतला, चाकरी केली. दुश्मनानं धरला, माउलीनं पाणचक्की विकून सोडवला. नदीकाठी गढी बांधली. मठाच्या साधूंशी मासळीवरून तंटा केला. दोन बायका, आठ लेकरं..."

साहेबांनी हात पुढं केला. "मुन्शी, तुम्हारा शजरा."

मी तो मोठा कागद दिला. भाट वाचत होता आणि साहेबांचं बोट माझ्या शजऱ्यावरून खाली सरकत होतं. नावं भाटाच्या तोंडात थोडी झिजली होती, पण क्रम तोच. पाचव्या पिढीला बोट थांबलं.

"यहाँ तीन बेटे हैं. तुम दो बोले."

"तिसरा साधू झाला, सरकार. ज्याची वेल पुढं चालत न्हाई त्याला आम्ही लिवत न्हाई."

पाद्रीबाबांनी मूळ कागद पाहिला आणि मान डोलावली. तिसरा मुलगा मठात गेला होता.

बाराव्या नावाला भाट थांबला, पाणी प्याला. रोझाबाई तंबूच्या खांबाला धरून उभी होती.

"एत्येन कप्तान. दर्या लांघून आला. निजामसरकारची चाकरी केली. धावड्याच्या पाटलाची लेक सगुणाबाई, तिच्याशी लगीन लागलं. आमराई लावली त्या साली लेक झाला, त्याचं नाव पियेर. कप्तानानं घोडा दिला. पियेरचा योसेफ. योसेफचा अंतोन, वही ऐकतो."

साहेबांनी वही न हाताळता वाकून पाहिली. कप्तानाचं पान भवानसिंगाच्या पणज्याच्या हातचं. कागद पिवळा, शाई तपकिरी झालेली. मग त्यांनी पाद्रीबाबांना विचारलं, "ये फ्रेंच काग़ज़ इस घर में कोई पढ़ सकता था?"

"कुणीच नाही. पहिल्यांदा मीच वाचला."

"यानी ये बारह नाम इस भाट के घर को एक ही आदमी बता सकता था. कप्तान." ते माझ्याकडं वळले. "लिखो, मुन्शी. जिस आदमी ने अपने बाप-दादा ख़ुद लिखवाए, उसी ने अपना बेटा लिखवाया. फ्रान्स में बैठे भाई को क्या मालूम, यहाँ किसके घर पालना बंधा. विरासत मंज़ूर."

अंतुसाहेबानं हॅट घातली, पुन्हा काढली. काय करावं ते त्याला कळत नव्हतं. रोझाबाई रडत रडत चहा टाकायला गेली. मला तर इतका आनंद झाला की तारीख टाकायला विसरलो आणि साहेबांची बोलणी खाल्ली.

निकालानंतर मूळ कागद परत करायचा असतो. नळी घेऊन मी आमराईत गेलो. अंतुसाहेबानं कागद ओट्यावर पसरला.

"साहेब म्हणले ते फ्रान्समधल्या भावाचं काय व्हतं? इथं काय लिव्हलंय?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी सांगितलं. त्यानं त्या शब्दावरून बोट फिरवलं.

"म्हणजे बाप मरेस्तोवर म्हणायचा, एक दिवस त्यायचं कुणी तरी येईन. अन् जवाब तर कव्हाच आल्ता."

मला फार वाईट वाटलं. बोलली ती रोझाबाई.

"मंग आता लिवा की खाली. जागा हाये बक्कळ."

खरंच होती. कप्तानाच्या नावाखाली वीतभर कागद कोरा होता. दोघांनी माझ्याकडं पाहिलं. मी टाक काढला. 'निःसंतान' हा शब्द खोडला नाही. मूळ कागदात आम्ही खाडाखोड करत नाही. त्याच्या खाली मराठीत लिहिलं: पियेर, योसेफ, अंतोन.

"अन् सगुणाबाई?" रोझाबाई म्हणाली.

कप्तानाच्या शेजारी सगुणाबाई लिहिलं. गाव धावडा.

पुढं बरीच वर्षं मी विरासतीचं काम केलं. शजरा पाटलाचा असो की नवाबाचा, मी तो खालून वर वाचू लागलो. आधी समोर उभा असलेला माणूस, मग त्याचा बाप, मग आजा. गिलबेर वर कुठं तरी असतोच, आणि त्याला मुळीच घाई नसते.