दारातली चप्पल

कुठल्याही खोलीत शिरताना भाऊ पायातली एक चप्पल दाराच्या फटीत अडकवून ठेवायचे. तहसील असो, बँक असो की आमच्या पक्षाचं कार्यालय. कोणी हटकलं तर म्हणायचे, "राहू द्या ना. मले हवा लागते." एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी, असा हा माणूस साहेबांपुढे बसलेला मी कितीदा पाहिला आहे. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. आपण त्याला हसतो आणि कामाला लागतो.

चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका गावच्या मासेमारी संस्थेचे ते अध्यक्ष, आणि पक्षाचे गावप्रमुख. मी पक्षाचा तालुका सचिव, म्हणजे खरं तर सतरंज्या उचलणारा.

आमचे आमदार सरकारी पैशाच्या बाबतीत महाचिक्कू. स्वागत कमानी मागायला गेलेले लोक हात हलवत परत यायचे. भाऊ समाजभवन मागायला गेले, तर आमदार म्हणाले, "शाळेची ओसरी आहे, तिथं बसा. तलावाची पाळ खचली आहे, ती आधी बांधू." आणि बांधली. भाऊ मला म्हणाले, "तोंडावर नाई म्हणणारा हा पयलाच पुढारी पाह्यला मी. याच्या मागं उभं राहा लागते."

म्हणून आमदारांचं नाव जिल्हाध्यक्षपदासाठी निघालं, तेव्हा भाऊंनी गावंच्या गावं पालथी घातली. समोरचा उमेदवार ठेकेदारांचा माणूस होता. नेमका त्याच महिन्यात संस्थेचा तलावातल्या मासेमारीचा ठेका संपत होता, आणि अर्धं गाव त्या तलावावर जगत होतं. पाळीवर रोज एक पांढरी गाडी येऊन उभी राहू लागली. कोणी उतरत नसे, काचही खाली होत नसे.

"भाऊ, यंदा दुसरं नाव सांगून मोकळे व्हा," मी म्हटलं. "बंद खोलीत तर सांगायचं आहे. कोणाला कळतं?"

"त्याचंच तर भेव हाय. बंद खोलीतलं ठेकेदारायले कळते, आपल्या लोकायले नाई."

चंद्रपूरच्या विश्रामगृहात मुंबईहून पक्षाचे निरीक्षक आले. एकेकाला आत बोलावून पसंतीचं नाव विचारायचं, अशी आमच्याकडची रीत. भाऊ आत गेले, चप्पल फटीत अडकली. "दार लावा," निरीक्षक म्हणाले. "राहू द्या साहेब. मले हवा लागते." आणि आमदारांचं नाव त्यांनी असं घेतलं की व्हरांड्यातल्या चहावाल्यालाही ऐकू गेलं. माझ्या शेजारी समोरच्या उमेदवाराचा एक ठेकेदार बसला होता, तो हसला.

पुढचा नंबर माझा. मी दार लावलं, कडी घातली आणि दुसरं नाव सांगितलं. भ्यालो, दुसरं काही नाही. बाहेर आलो, तर ठेकेदाराने चहाचा कप माझ्या हातात दिला. म्हणाला, "बरं केलं, सचिवसाहेब."

आमदारांना पद मिळालं नाही. तलाव एका नव्या संस्थेला गेला; तिचे सभासद गावाने कधी पाहिलेले नव्हते. गावातल्या इतरांबरोबर भाऊही या वयात बायकोला, आमच्या बाईंना, घेऊन तेलंगणात मिरची तोडायला निघाले. बसथांब्यावर भेटले तेव्हा माझी मान वर होईना.

"तू काऊन खाली पाहून राह्यला? लेकरं हायेत तुले," एवढंच म्हणाले. त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मिरचीचा हंगाम संपला. गेलेली सगळी माणसं गावात परत आली, भाऊ आणि बाई आले नाहीत. गावात कोणी विचारत नाही. मीही नाही.

विचारतो तो एकटा ठेकेदार. पांढरी गाडी आता माझ्या घरासमोर थांबते. तो चहाला येतो, भाऊंचा काही फोन आला का म्हणतो. त्याआधी उठून दार मात्र स्वतःच लावून घेतो.