शेंदराखालचा नंबर

आमची सून वडूजला शाळेत शिकवते. फलटणहून रोज जायचं म्हणजे पहाटेची एसटी, ती चुकली की वडाप. वडाप म्हणजे माणसं गच्च भरल्याशिवाय न हालणारी जीप. लेक माझा फौजेत, लांब. सगळी पळापळ तिची एकटीची. म्हणून तिनं बॅटरीवरची गाडी घ्यायचं ठरवलं. सरकारनं अशा गाडीचा रस्त्याचा टॅक्स माफ केलाय, आणि घरातली जुनी गाडी मोडीत काढल्याचा दाखला दिला की किमतीत आणखी सूट. जुनी गाडी आमच्या दारात उभीच होती. माझ्या मालकांची जीप. ते गेल्यावर कागदावर माझं नाव लागलं, तेव्हा मोडायची का ठेवायची ते मीच सांगायचं होतं.

सून म्हणाली, "आत्या, नको वाटत असेल तर नको. पण सूट नाही मिळाली तर मला ती गाडी झेपायची नाही, एवढं खरं."

"न्हे बाई," मी म्हटलं. तोंडानं म्हटलं. दोन दिवस भाकरी गोड लागली नाही.

मालक फौजेत गाडी चालवायचे. पेन्शनीत आले आणि ही जीप घेऊन त्यांनीही वडापच सुरू केलं, फलटण ते वडूज. मागं मेंढपाळ बसायचे, मांडीवर कोकरू घेऊन. कोकरानं कुणाचा पदर चघळला की सगळी जीप हसायची. बाजाराच्या दिवशी मी पुढं बसायची. मला शाळा दोनच इयत्ता, तीही विसरलेली. मालक प्रत्येक पाटीपाशी गाडी थांबवायचे. "वाच. वाचल्याबिगर गाडी हालनार न्हाई."

मागनं आरडाओरडा व्हायचा. "आवं वैनी, वाचा की लौकर! कोकरू म्हातारं व्हाया लागलं!"

अशी मी गावांची नावं वाचत वाचत वाचायला शिकले. आज हे लिहितेय ते त्या पाट्यांच्या जोरावर.

दसऱ्याला ते बोनेट उघडायचे. लोक गाडीच्या तोंडावर स्वस्तिक काढतात. हे आत हात घालून तेलात कालवलेला शेंदूर एकाच जागी अंगठ्यानं लावायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "फौजंत मानसाचं नाव कोन इचारतंय? नंबर इचारत्यात. गाडीचाबी नंबर हितं कोरलाय. टिळा नंबरला." मला गंमत वाटली, पुढं मी ते विसरूनही गेले. ते गेल्यावर मात्र त्याच जागी, त्यांच्यापेक्षा जास्तच, दर दसऱ्याला शेंदूर चढवत राहिले.

तर जीप ओढून सांगलीकडच्या मोडीच्या केंद्रात नेली. सुनेनं रजा काढली, आम्ही दोघी मागनं एसटीनं गेलो. शोरूमवाल्यानं तिला बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत दाखला आला तरच सूट, नाहीतर गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला.

केंद्रातल्या साहेबांनी बोनेट उघडलं आणि कपाळाला हात लावला. "आजी, हे काय? चासी नंबर कुठाय?"

मला मालकांचा टिळा आठवला. "तितंच हाय की."

"हितं तर मारुती बसलाय!"

बोटभर जाड शेंदूर. वर काळा, खाली दगडासारखा. साहेब म्हणाले, कागदावरचा नंबर आणि लोखंडावरचा नंबर जुळला तरच दाखला. एक माणूस ग्राइंडर घेऊन आला तर साहेबच ओरडले, "थांब गड्या! आकडा घासला गेला तर गाडी चोरीची ठरंल. मग दाखला इसराच."

सून माझ्याकडं बघायला लागली. पोर दोन वर्षं एसटीच्या दांडीला लोंबकळलीय, आणि तिची गाडी मी माझ्या हातानं शेंदरात पुरून ठेवली होती. पण ते खरवडायचं म्हणजे मालकांचा अंगठा खरवडायचा. खोटं कशाला बोलू, क्षणभर वाटलं, नाही निघाला शेंदूर तर बरंच.

"आत्या, चला घरी," सून म्हणाली. "राहू दे."

तिनं 'राहू दे' म्हटलं आणि मला माझीच लाज वाटली. माझ्या माहेरी गुरव देवाची जुनी खोळ काढायचा. शेंदराचा थर जाड झाला की कडेकडेनं कोमट तेल सोडायचा, आत मुरू द्यायचा. मी समोरच्या चहाच्या गाड्यावर गेले. म्हटलं, "बाबा, वाटीभर गोडं तेल तापवून दे."

"भजी तळताय का आजी?"

"गाडी तळतेय."

तेल सोडलं, पदर खोचला आणि बोटानं चोळत बसले. साहेब घड्याळ बघत होते. तासाभरानं कड हालली. मी सुनेच्या केसातला आकडा मागून घेतला, तो अलगद खाली सारला. आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तशी अख्खी खोळ माझ्या तळहातावर आली.

खाली लोखंड लखलखीत. साहेबांनी नंबर मोठ्यानं वाचला, सुनेनं कागदावर ताडला. "जुळला!" म्हणाली आणि तिथंच माझ्या गळ्यात पडली, माझे तेलकट हात न बघता.

मी खोळ उलटी करून बघितली. आतल्या अंगाला सगळे आकडे उमटलेले, उलटे, आरशात दिसावेत तसे. मालकांचा पहिला टिळा तोच. मी पदरात बांधून घरी आणली.

दाखला वेळेत पोचला. दसऱ्याला नवी गाडी दारात होती. सुनेनं बोनेट उघडलं. आत बघते तर सगळं झाकलेलं, तेलाचा वास नाही, काही नाही. मी म्हटलं, "आधी नंबर कुठं हाय ते दाव."

"का, परत बुजवताय?" ती हसली.

"त्याच्या वीतभर लांब लावते."

वाटीत शेंदूर घेतला, तेल घातलं. मग खोळीची कड चिमटीत चुरून त्यात मिसळली, दुधाला विरजण लावावं तशी, आणि सुनेला म्हटलं, "ये, अंगठा तुजा लाव."