आठ ट्रॅकच्या रेकॉर्डरला दोनच माइक

मंडळी, आज डोकं फिरलंय. आमच्या उटनूरच्या भीमगीत मंडळासाठी मी आठ ट्रॅकचा रेकॉर्डर मागवला. सकाळी विहारात सगळे जमले, चार माइक मांडले, तेव्हा कळलं की एका वेळी दोनच माइक रेकॉर्ड होतात. बाकीचे ट्रॅक नंतर एकेक करून भरायचे!

मग एक माइक पेटी-ढोलकीला, दुसरा गाणाऱ्यांना. ऐकलं तर मुख्य गाणाऱ्या शांताआत्याचा आवाज कोरसमध्ये बुडालेला. आता तो वेगळा काढता येत नाही.

"आत्या, आणखी एकदा म्हण ना."

"काऊन रे? गळा बसला माह्या. आता नाही होत बाप्पा."

एकाच वेळी चार माइक घेणारा, बॅटरीवर चालणारा रेकॉर्डर कुणी वापरलाय का? माझ्या चुकीपायी सत्तरीतल्या आत्याला पुन्हा पुन्हा गायला लावायची लाज वाटते.