न पाहिलेला शेवट

आत्याला राजधानीचं वेड होतं म्हणणं म्हणजे कमीच. भावाकडे राहायला येऊन इतकी वर्षं झाली, तरी भाजी चिरतानासुद्धा तिचं 'आमच्या राजधानीत' सुरूच. भाऊ चिडवायचा, "अगं, तुझी राजधानी म्हणजे एक खिडकी!"

खोटं नव्हतं ते. तिथल्या मोठ्या नाट्यगृहात आत्या एका खिडकीत बसून लोकांचे कोट आणि छत्र्या सांभाळायची. ओला कोट घ्यायचा, नंबराचा पितळी बिल्ला द्यायचा आणि म्हणायचं, "ठेवते हं जपून." राहायची चौथ्या मजल्यावर, खाट उभी केल्याशिवाय दार उघडणार नाही अशा खोलीत. पण पहाटे खालच्या बेकरीतून पावाचा वास वर आला, की बाईसाहेबांना वाटायचं, हे सगळं शहर आपलंच!

नाटक रंगात आलं की ती हळूच आत जाऊन मागे उभी राहायची. शेवट मात्र नशिबी नाही. टाळ्या पडायच्या आत खिडकीवर हजर नको? बाकीच्या नाटकांचं जाऊ दे, पण एकाने तिला चटका लावला होता. रुसून घर सोडलेली मुलगी शेवटी परत येते, दार वाजवते. आत म्हातारी आई नवऱ्याला विचारते, "अहो, दिवा लावू का?" एवढं कानावर पडलं की आत्या निघालीच. पुढे आई दार उघडते का? विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं. पण बाई हट्टी. म्हणायची, "उष्टा शेवट मला नको."

तेच नाटक त्याच नाट्यगृहात पुन्हा लागलं आणि भाचीने तिकिटं काढली. "चल आत्या, एकदाचा बघून टाक शेवट."

दोघी राजधानीत पोचल्या, तर जुन्या घराखालच्या बेकरीच्या जागी मोबाइलचं दुकान. "मेल्यांना पाव नको खायला?" आत्या करवादली. मग मान वर करून बघत राहिली. चौथ्या मजल्यावर कुणाचा तरी टॉवेल वाळत होता. "माझी खोली गं ती," ती म्हणाली.

नाट्यगृहात आयुष्यात पहिल्यांदा ती मऊ खुर्चीत बसली. पापणी लवू न देता बघत होती. आणि रंगमंचावरची आई म्हणाली, "अहो, दिवा लावू का?"

आत्या उठली. कुणी "बसा हो!" म्हणून खेकसलं, पण पाय कुठले थांबायला! भानावर आली तेव्हा ती बाहेर, आपल्या जुन्या जागेपाशी उभी होती. तिथे आता कॉफीचं मशीन होतं. ती उलट्या पावली धावली, पण दारावरचा माणूस म्हणाला, "आता नाही सोडता येणार, आजी."

आत टाळ्यांचा कडकडाट झाला. दारं उघडली, माणसं लोटली, आणि सवयीने आत्याचा हात बिल्ल्यासाठी पुढे झाला. घाईतल्या एका मुलीने त्यात कॉफीचा रिकामा कप ठेवला.

"ठेवते हं जपून," आत्याच्या तोंडून निघून गेलं.

भाची डोळे पुसत आली. "होतीस कुठे तू? ऐन वेळी कसली उठतेस! अगं, ती आई ना..."

आत्याने झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "सांगशील तर बघ!"

"अगं पण आत्या, आता कधी बघणार तू?"

"तेच तर," आत्या म्हणाली. कप अजून हातातच होता आणि डोळे भरून आले होते. "शेवट कळला, तर मला परत इथे कोण आणेल?"