आईचा हिस्सा

वडील गेल्यावर दोन महिन्यांनी भाऊ आमच्या उल्हासनगरच्या घरी आला. बरोबर घरच्या तांदळाची पिशवी होती, आणि चहा संपेपर्यंत तो इकडचं तिकडचंच बोलत राहिला. तेव्हाच मी ओळखलं, स्वारी कामाशिवाय आलेली नाही. बदलापूरजवळच्या बेलवलीचं आमचं घर आणि शेती त्याच्या एकट्याच्या नावावर करायची होती.

"ताई, तुझी नि आईची सही लागेल," तो म्हणाला.

मी लगेच हो म्हटलं. आमच्याकडे बहिणी होच म्हणायच्या. जिने हिस्सा मागितला तिला सणाला न्यायला कोणी येत नाही, हे मी लहानपणापासून पाहत आले होते. हक्क सोडायचा, साडी घ्यायची आणि माहेर राखायचं. याला अन्याय कोणी म्हणत नसे. मीही म्हणत नव्हते, आणि मी तर शाळेत शिकवत होते!

शेजारच्या सिंधी काकूंना मात्र ते पटलं नाही. फाळणीत त्यांचं घरदार तिकडेच राहिलं होतं. "तुम्हारा छोड़ना है तो छोड़ो," त्या म्हणाल्या, "मम्मी का क्यों छुड़वाती हो? कागज बिना क्या होता है, हमसे पूछो." मी हसले. म्हटलं, "आमच्यात तसं नसतं हो काकू." ते हसणं आठवलं की आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

रजिस्ट्रारच्या ऑफिसात कागद लिहिणाऱ्याने आईपुढे शाईचं पॅड सरकवलं. आईने ते बाजूला सारलं. गावच्या देवळात भरणाऱ्या प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ती नाव लिहायला शिकली होती, आणि अंगठा लावायला तिला आता लाज वाटायची. "आधी तू वाच," ती मला म्हणाली.

मी मोठ्याने वाचू लागले. 'आम्ही लिहून देणार, सदर मिळकतीवरील आमचा हक्क स्वखुशीने सोडून देत आहोत.' खाली दोन नावं होती. पहिलं आईचं, दुसरं माझं. काकूंचं बोलणं आठवून मी थबकले. मुलाएवढाच हिस्सा आईचाही असतो, हे मला ठाऊक होतं. भाऊ माझ्याकडे बघत होता. मी मनाशी म्हटलं, राहायची तर ती मुलाकडेच आहे, तिला वेगळा हिस्सा हवा कशाला? आणि वर तोंडाने म्हटलं, "बरोबर आहे. कर सही."

आईने एकेक अक्षर कोरल्यासारखं लिहिलं. आम्ही दोघं भावंडं कौतुकाने बघत होतो.

पुढची सात-आठ वर्षं भावाने तिला काही कमी केलं नाही. औषध, चष्मा, तिच्या आवडीचे सुके बोंबील, सगळं वेळच्या वेळी. तो वाईट होता असं मी कधीच म्हणणार नाही. मग बदलापुरात जिकडेतिकडे इमारती उठायला लागल्या, आणि आमचंही घर बिल्डरला द्यायचं ठरलं. आईचा विरोध नव्हता. तिची एकच अट होती. नव्या इमारतीत तिला तळमजल्यावर खोली हवी होती. तिचे गुडघे गेले होते. शिवाय जन्मभर ती पडवीत बसून रस्त्याने जाणाऱ्या-येणाऱ्याशी बोलत आली होती, त्यावाचून तिला करमत नसे.

"सांगू की," भाऊ म्हणाला होता.

करारावर सह्या करायच्या दिवशी मी मुद्दाम गेले. आई चांगलं लुगडं नेसून, चष्मा लावून तयार बसली होती. बिल्डरचा माणूस आला, आल्या आल्या आईच्या पाया पडला. मग त्याने पानापानावर भावाच्या सह्या घेतल्या आणि कागद पिशवीत घातले.

"अन् माझी?" आईने विचारलं.

"आजी, तुमची सही लागत नाही."

"मला खालची खोली पायजे."

त्याने भावाकडे पाहिलं. "खाली सगळे दुकानांचे गाळे आहेत, आजी. तुम्हाला तिसरा मजला दिलाय. हवा मस्त येते."

भाऊ कानकोंडा झाला. "आई, मी हाय ना," तो म्हणाला. तिची अट तो मुद्दाम विसरला नव्हता. तिला विचारल्यावाचून त्याचं काही अडत नव्हतं, एवढंच. कागदावर तिचं नाव असतं तर अडलं असतं.

नव्या इमारतीला लिफ्ट नव्हती. पहिल्या वर्षी आई चार-पाच वेळा खाली उतरली, मग तेही थांबलं. गॅलरीत बसून ती खाली बघायची. मान वर करून तिच्याशी बोलणार कोण?

एका रविवारी मला राहवलं नाही. तिच्यासमोर बसून मी म्हटलं, "आई, त्या कागदात तुझा हिस्सा जातोय हे मला वाचतानाच कळलं होतं. मी गप्प बसले."

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली. "तू वाचता वाचता थांबलीस, तवाच मी समजले."

"मग सही का केलीस?"

"नाय म्हटलं असतं तर तो म्हटला असता, ताईनं आईला शिकवलं. तुझं माहेर तुटलं असतं गो."

मला हुंदका आवरेना. "माझ्याकडे चल," मी म्हटलं. "आमची खोली खालीच आहे. दारात बस, दिवसभर बोलायला माणसं मिळतील."

तिने चष्मा काढून पदराने पुसला. मग म्हणाली, "मी लेकीकडं येऊन राहिले तर लोक तुझ्या भावाला काय म्हणतील?"

ती आली नाही. दोन वर्षांनी, तिसऱ्या मजल्यावरच गेली. जिना अरुंद होता, वळणावर तिरडी वळेना. भाऊ पुढे खांदा देऊन रडत होता आणि मागच्यांना सारखा सांगत होता, "हळू रे, हळू. आईला लागेल."