बेड्यावरच्या विमलताई

विमलताई थूल बेड्यावर शिकवायला येत तेव्हा त्यांच्या पिशवीत पुस्तकांच्या वर खोबरेल तेलाची बाटली आणि दोन फण्या असत. बेडा म्हणजे पारध्यांची वस्ती. वर्धेपासून तासाभरावर, झुडपी जंगलाला लागून. ताई हापशीजवळ बसत आणि एकेका पोरीचं डोकं धुऊन, विंचरून देत. मी संस्थेत गणित शिकवायला नवा आलो होतो. यात सकाळ जाते, अभ्यास कधी घ्यायचा, असं मी विचारलं. त्यांनी फणी थांबवली नाही. "सर, डोकं खाजून राह्यलं तर अक्षर कुठून शिरन?"

आमची संस्था लहानशी. पत्र्याच्या एका वर्गात मुलांना तयार करायचं आणि मग गावच्या शाळेत बसवायचं, एवढंच काम. शिकली तर दारोदार फिरणं सुटेल, असं आम्ही सगळेच मानत होतो. ताईंचा विश्वास आमच्याहून जुना होता. त्यांच्या आईनं लोकांच्या शेतात कापूस वेचून त्यांना मॅट्रिक केलं होतं. "आमचं घर शिक्षनानं वर आलं. मी डोळ्यानं पाह्यलं," असं त्या म्हणत, आणि तिथं वाद संपे.

करिश्मा ही बेड्यावरून दहावीपर्यंत पोचलेली पहिली मुलगी. बारीक अंगाची, भांडखोर, उत्तर चुकलं तर पाटीवर रागावणारी. नववीत तिचं लग्न ठरलं तेव्हा ताई तिच्या झोपडीच्या दारात जाऊन बसल्या. ना भांडल्या, ना पाणी घेतलं. तिचा बाप गुलाब शेवटी वैतागला.

"काऊन बसल्या ताई? घरी जा न आता."

"तुमचं चालू द्या. मी बसली हाव."

दिवस कलताना त्यानं हात जोडले. पोरगी अठराची होईपर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही, असं कबूल केलं. त्या दिवशी परतताना ताईंनी मला रस्त्यावरच्या टपरीत चहा पाजला आणि स्वतः दोन प्याल्या.

दहावीच्या विज्ञानाच्या पेपरच्या दिवशी सकाळी बेड्यावर पोलिसांची गाडी आली. जवळच्या एका गावात चोरी झाली होती, आणि चोरी झाली की गाडी आधी बेड्यावरच येई. गुलाबला उचलून नेलं. आईला मराठी धड बोलता येत नव्हतं, म्हणून करिश्मा तिच्यासोबत ठाण्यात गेली. घरात साहेबांशी बोलू शकेल असं तेवढं एकच माणूस होतं.

ताई तिला परीक्षेला न्यायला आल्या तर झोपडी रिकामी. ऑटो करून त्या ठाण्यात पोचल्या.

"चाल बेटा. तुह्या आईजवळ मी हाव."

"बापाले मारून राह्यले, ताई. मी पेपर कसा लिहू?"

आतल्या खोलीतला आवाज ताईंनाही ऐकू येत होता. त्यांनी पुन्हा चल म्हटलं नाही. तिचा हात धरून बाकावर बसून राहिल्या. पेपर सुटून गेला, त्यानंतर गुलाबला सोडलं. चोर भलताच निघाला होता.

संस्थेत कुणीतरी म्हणालं, तक्रार करायला हवी. ताई म्हणाल्या, "त्याच्यासाठीबी ठान्यातच जा लागन न?" तक्रार तिथंच राहिली.

पुढे त्या पुरवणी परीक्षेची पुस्तकं घेऊन बेड्यावर गेल्या. मी सोबत होतो. गुलाब सुजलेल्या पायांना हळद लावून बाजेवर बसला होता.

"मी त्याईले सांगतलं, माही पोरगी दहावीले हाय म्हनून. हसले ताई ते. आन् अजून मारलं. आता कोनतं पुस्तक आनलं तुमी?"

ताईंनी पुस्तकं पिशवीत परत ठेवली. या वेळी त्या दारात बसल्या नाहीत. उन्हाळा संपायच्या आत करिश्माचं लग्न झालं. हिंगणघाटकडे दिली, नवरा जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलायचा.

त्यानंतरही ताई बेड्यावर येत राहिल्या, पण घर शिक्षणानं वर आल्याची गोष्ट त्यांच्या तोंडून पुन्हा ऐकली नाही. पोटाचं दुखणं उशिरा कळलं. सेवाग्रामच्या दवाखान्यात त्या होत्या तेव्हा करिश्मा कडेवर लेकरू घेऊन भेटायला आली. अंगावर मोठ्या बाईची सुस्ती आलेली.

"वाचतं का माय काही?" ताईंनी विचारलं.

"नाई ताई. पुस्तक पाह्यलं का तो ठान्यातला बाकडा आठवते."

ताईंनी लेकराचा पाय हातात धरला आणि बराच वेळ धरून ठेवला. करिश्मा गेल्यावर त्या माझ्याकडे वळल्या.

"सर, त्या पोरीचं काई चुकलं नाई. गुलाबचंबी नाई. आपनबी आपल्या परीनं केलं. मंग हे झालं कसं?"

मी मोसंबी सोलत राहिलो. त्याच आठवड्यात ताई गेल्या.

वर्ग अजून चालू आहे. लहान मुलं येतात, अक्षरं गिरवतात, गावच्या शाळेत जातात. दहावीपर्यंत मात्र बेड्यावरून पुन्हा कुणी पोचलेलं नाही.